मर्यादित आवृत्तीची डायव्हिंग घड्याळं: निवड, पारख, खरेदी आणि सांभाळ

मागच्या झाकणावर '१२३/५००' असं कोरलेलं दिसलं की घड्याळ दुर्मीळ आहे असं मानून माणूस खिशात हात घालतो. तो आकडा खरेदीचं कारण होऊ शकत नाही. ओमेगाने २०१९ मध्ये एका बॉन्डपटाच्या पन्नाशीनिमित्त सीमास्टर डायव्हर ३००एमची आवृत्ती काढली, ७,००७ नगांची. ब्लाँपँने २०२३ मध्ये फिफ्टी फॅदम्स या आपल्या डायव्हिंग घड्याळाच्या सत्तरीला 'अ‍ॅक्ट १' काढलं, ७० नगांच्या तीन मालिकांमध्ये, म्हणजे एकूण २१०. दोन्ही 'मर्यादित'च. उलट रोलेक्सने मार्सेयच्या कोमेक्स या खोल समुद्रात काम करणाऱ्या कंपनीसाठी बनवलेल्या सबमरिनर या डायव्हिंग घड्याळांवर 'मर्यादित' हा शब्द कुठेही नाही, आणि तरी ती घड्याळं मिळवायला संग्राहक वर्षानुवर्षं वाट पाहतात.

म्हणून प्रत्येक घड्याळाला चार प्रश्न विचारायचे. किती बनली? त्यातली मूळ अवस्थेत किती उरली असतील? बाजारात किती वेळा येतात? आणि समोरचं घड्याळ त्यातलंच आहे हे कशावरून? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पहिल्या तिन्हींना काही किंमत नाही. हा लेख मुख्यतः त्या चौथ्या प्रश्नाबद्दल आहे.

दुर्मीळ म्हणजे नेमकं काय

पहिला प्रकार कंपनीने आधीच संख्या जाहीर केलेल्या घड्याळांचा. सेइकोने १९६५ च्या ६२मास या जपानच्या पहिल्या डायव्हिंग घड्याळाची पुनर्निर्मिती २०१७ मध्ये एसएलए०१७ या नावाने केली, २,००० नग. पुढच्या वर्षीचं एसएलए०२५ १,५०० नगांचं. डॉक्साने सब ३०० च्या पन्नाशीला प्रोफेशनल, सीरॅम्बलर आणि शार्कहंटर या तिन्ही रंगांत प्रत्येकी ३०० घड्याळं काढली. ब्लाँपँचं २०१७ मधलं मिल-स्पेक ५०० आणि २०१९ मधलं बाराकुडा ५००. इथे नगांचा आकडा पक्का असतो आणि ही घड्याळं बहुतेक वेळा खोके-कागदांसह जपलेली सापडतात.

दुसरा प्रकार नौदलांना आणि कंपन्यांना पुरवलेल्या घड्याळांचा. ब्रिटिश लष्कराचं रोलेक्स सबमरिनर ५५१७, फ्रेंच नौदलाचं ट्यूडर, अमेरिकी नौदलासाठीचं टॉर्नेक-रेव्हिल टीआर-९००, आणि कोमेक्सची मालिका. त्यातलं ५५१४ हे मॉडेल तर फक्त कोमेक्ससाठीच बनलं. ही घड्याळं वापरून झिजली, हरवली, सर्व्हिसिंगमध्ये त्यांचे भाग बदलले गेले. टॉर्नेक-रेव्हिलमध्ये किरणोत्सारी प्रोमेथियम असल्यामुळे बहुतेक घड्याळं पुढे नष्ट केली गेली. इथली दुर्मीळता खरी, आणि सर्वांत जास्त बनावट मालही इथेच.

तिसरा प्रकार थोड्याच काळ बनलेल्या डायलचा किंवा बेझलचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याचा. तो अनुभवी संग्राहकांसाठी सोडून द्यावा.

जाहिरातीतले शब्द नीट वाचा. 'स्पेशल एडिशन' म्हणजे संख्येचं बंधन नाही. 'बुटीक एडिशन' म्हणजे फक्त विक्रीची जागा ठरलेली. 'वन ऑफ ५००' असं कोरलं असेल तर सगळ्या ५०० घड्याळांवर तेच असतं, स्वतंत्र क्रमांक नसतो. त्यामुळे झाकण बदललं तर कळायला मार्ग कमी. '१२३/५००' असेल तर तो क्रमांक वॉरंटी कार्डाशी जुळवता येतो. आणखी एक: डायव्हिंगच्या कुळातलं प्रत्येक घड्याळ डायव्हिंगचं साधन असतंच असं नाही. ओमेगाच्या २०१५ मधल्या ७,००७ नगांच्या सीमास्टर ३०० बॉन्ड आवृत्तीचं बेझल दोन्ही बाजूंना फिरतं आणि त्यावर बारा तासांचे आकडे आहेत. ते दुसऱ्या देशाची वेळ पाहायला चांगलं. डायव्हिंगसाठीच्या आयएसओ ६४२५ या मानकात मात्र बेझल चुकून हलून पाण्याखालचा वेळ कमी दिसणार नाही अशी व्यवस्था लागते, म्हणून ते एकाच बाजूला फिरतं.

एकच वाट धरा

सुरुवात करणाऱ्याने सेइकोच्या ऐतिहासिक पुनर्निर्मितींपासून किंवा डॉक्सा आणि ओरिस यांच्या क्रमांकित आवृत्त्यांपासून करावी. ओरिसचं कांस्याचं कार्ल ब्रॅशियर, अमेरिकी नौदलातल्या पहिल्या कृष्णवर्णीय मास्टर डायव्हरच्या नावाचं, २०१६ मध्ये २,००० नगांचं आलं. अशा घड्याळांत शिकताना चूक झाली तरी घर विकायची वेळ येत नाही. शिवाय त्यांच्या मूळ रूपाची माहिती पूर्ण मिळते. ब्लाँपँची ५०० नगांची घड्याळं दुसऱ्या टप्प्यावर. कोमेक्स आणि ब्रिटिश लष्करी सबमरिनर यांच्या वाटेला किमान काही वर्षं जाऊ नये. त्यांत एका चुकीच्या डायलने किंमत निम्म्याहून खाली येते आणि ती चूक ओळखायला डोळा तयार लागतो.

वाट ठरली की त्या एका मॉडेलची फाइल बनवा. फिलिप्स, क्रिस्टीज, सदबीज आणि अँटिकोरम यांच्या जुन्या लिलावांच्या पानांवर मोठे फोटो आणि अंतिम भाव मोफत पाहायला मिळतात. त्याच मॉडेलची किमान वीस घड्याळं उतरवून घ्या आणि प्रत्येकाचे सहा तपशील नोंदवा: डायलवरचा मजकूर आणि अक्षरांची ठेवण, काट्यांचा आकार, बेझलवरचे आकडे, झाकणाचं कोरीवकाम, क्रमांकाची मालिका आणि विकलेला भाव. वीस घड्याळांनंतर तुमच्या डोळ्याला काहीतरी खटकू लागतं. ही खटकण्याची सवय लागल्याशिवाय खरेदी करू नका.

विक्रेत्याकडे काय मागायचं

पैशांची गोष्ट काढण्याआधी पुढचे फोटो मागवा, आणि आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून काढलेले मागवा, म्हणजे घड्याळ खरंच त्याच्याच हातात आहे हे कळतं:

- डायल समोरून, काचेवर चमक न येता. मग तिरक्या उजेडात
- चारही लग (केसचे पट्टा अडकवायचे पाय) वरून आणि बाजूने
- मागचं झाकण, आणि विक्रेता कारागीर असेल तर झाकणाची आतली बाजू आणि यंत्र
- अंधारात चमकणारी डायल
- वॉरंटी कार्ड, सर्व्हिसची बिलं, खोके आणि सोबतच्या सगळ्या वस्तू एकत्र

झाकणाच्या आतला फोटो द्यायला व्यापारी का-कू करत असेल आणि घड्याळ जुनं, महागडं असेल तर तिथेच थांबा. प्रामाणिक व्यापाऱ्याकडे तो फोटो आधीच असतो. सोबत अनुक्रमांक घेऊन लंडनच्या 'द वॉच रजिस्टर' या चोरीच्या घड्याळांच्या नोंदवहीत तपासणी करून घ्या. शुल्क थोडं लागतं, पण चोरीचा माल घेतला तर घड्याळ आणि पैसे दोन्ही जातात.

हातात घेतल्यावर: तपासणीचा क्रम

हत्यारं साधी आहेत. दहापट दाखवणारं भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, डिजिटल कॅलिपर, मऊ कापड. टाइमग्राफर, म्हणजे यंत्राची चाल मोजणारं उपकरण, कारागिराकडे असतो. बसायचं ते खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. दुकानातले पिवळे दिवे डायलवरचे डाग गिळतात.

*केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच.* लगांच्या वरच्या कडेला जी तिरपी पट्टी असते ती चारही लगांवर सारखी रुंद आहे का, पाहा. पॉलिश करणारा कारागीर चाकावर घड्याळ धरतो तेव्हा बाहेरच्या कडा आधी गोल होतात, मग ती पट्टी निमुळती होते, आणि पट्ट्याची भोकं कडेच्या जवळ आल्यासारखी दिसतात. कॅलिपरने डावे-उजवे लग मोजा. फरक दिसला तर एका बाजूचा धातू जास्त गेला आहे. ब्रिटिश लष्करी सबमरिनरमध्ये पट्टा अडकवायला स्प्रिंगच्या काड्यांऐवजी पक्क्या, जोडलेल्या काड्या असतात. त्यांच्या टोकाशी वेल्डिंगचा नवा डाग दिसला तर साधं सबमरिनर 'लष्करी' बनवलेलं असण्याची शक्यता मोठी.

*मागचं झाकण.* याच लष्करी घड्याळांवर रुंद बाणाची खूण आणि नौदलासाठी ०५५२, भूदलासाठी डब्ल्यू१० असे संकेत कोरलेले असतात. फ्रेंच नौदलाच्या ट्यूडरवर 'एम.एन.' आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. कोरीवकाम भिंगाखाली पाहा. जुन्या अक्षराच्या खाचेत मळ आणि बारीक ओरखडे असतात, आणि झाकणावरचे ओरखडे अक्षराच्या कडा ओलांडून जातात. अक्षर ओरखड्यांच्या *वरून* गेलेलं दिसलं, खाच आतून लख्ख असली, तर ते नंतर कोरलेलं. नव्या मर्यादित आवृत्तीत झाकणावरचा क्रमांक, केसवरचा अनुक्रमांक आणि कार्डावरचे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक अंकही चुकला तर कारण लेखी मागा.

*बेझल.* पूर्ण एक फेरी फिरवा आणि खटके ऐका. नव्या घड्याळांत बहुधा १२० असतात. मध्येच खटका गिळला जात असेल तर आत वाळू किंवा मीठ आहे, हे धुऊन सुटतं. उलट दिशेला सरकत असेल तर खालची स्प्रिंग गेलेली. जुन्या फिफ्टी फॅदम्सवरचं बेझल बेकलाइटचं, अत्यंत ठिसूळ. त्यावर केसासारखी चीर असणं हे वयाचं लक्षण. एकही चीर नसलेलं, आकडे ताजे असलेलं बेझल बदललेलं असण्याचीच शक्यता जास्त. अ‍ॅल्युमिनियमचं बेझल उन्हाने फिकट होतं, काळं करडं होतं, निळं धुरकट. तो फिकटपणा सगळीकडे एकसारखा नसतो. अगदी सपाट, एकाच छटेचा फिका रंग रसायनात बुडवून आणलेला असतो.

*डायल.* किमतीचा सर्वांत मोठा भाग इथे आहे. भिंगाखाली छापील अक्षरं पाहा: कडा ठाम, शाई थोडी उंचावलेली, रेषेची जाडी एकसारखी. पुन्हा छापलेल्या डायलवर अक्षरांच्या कोपऱ्यात शाई साठते आणि छोट्या अक्षरांतली पोकळी बुजते. सहाच्या खाली किरणोत्साराची खूण वाचा. 'टी' अक्षर किंवा 'टी<२५' म्हणजे ट्रिटियम, चमकणाऱ्या लेपातलं किरणोत्सारी द्रव्य. स्विस घड्याळांत ते साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वापरलं गेलं. त्याआधी रेडियम, नंतर ल्युमिनोव्हा, म्हणजे उजेड साठवून चमकणारा, किरणोत्सार नसलेला लेप. १९७४ च्या घड्याळात 'टी' नसलेली डायल असेल तर ती सर्व्हिसमध्ये बदललेली आहे. ब्रिटिश लष्करी सबमरिनरच्या डायलवर तर वर्तुळातला 'टी' असतो.

*चमकणारा लेप.* हाच भाग सावकाश पाहायचा आहे. खोली अंधारी करा, डोळे दोन मिनिटं सरावू द्या. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे १९७५ च्या घड्याळात आता सोळाव्या भागाइतकंही ट्रिटियम उरलेलं नाही. ते स्वतःहून चमकायला नको. आता अतिनील टॉर्च डायलवर पाच सेकंद धरा आणि बंद करा. जुन्या ट्रिटियमचे ठिपके टॉर्च असताना मंद पिवळसर-हिरवे उजळतात आणि टॉर्च बंद होताच एक-दोन सेकंदांत विझतात. काही नुसतेच फिके दिसतात. एखादा ठिपका टॉर्च बंद केल्यावरही मिनिटभर हिरवा राहिला तर तिथे ल्युमिनोव्हा भरलेला आहे, बाहेरून कितीही पिवळा दिसो. बारा ठिपके एकामागोमाग तपासा. अनेकदा दहा जुने आणि दोन नवे निघतात, कारण लेप पडलेल्या जागी कुणीतरी रंग जुळवून भरलेला असतो. मग काटे. काट्यांवरचा लेप आधाराशिवाय पोकळ चौकटीत बसलेला असतो, त्यामुळे तो डायलपेक्षा गडद होऊ शकतो. नुसत्या छटेच्या फरकावरून दोष देऊ नका, विझण्याचा वेळ जुळतो का ते पाहा.

नव्या घड्याळांतही ही चाचणी कामाची. ओमेगाच्या २०१९ च्या त्या ७,००७ नगांच्या आवृत्तीत दहाच्या खुणेच्या लेपात '५०' हा आकडा लपवलेला आहे, तो अंधारातच दिसतो. नकली डायल बनवणारे नेहमी तिथपर्यंत जात नाहीत.

रेडियमच्या घड्याळांबाबत एक इशारा. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं, म्हणजे लेप चमकायचा बंद झाला तरी किरणोत्सार तसाच. काच काढू नका, लेप खरवडू नका. धूळ श्वासात जाणं हाच खरा धोका. अशी बरीच घड्याळं झोपायच्या बंद खोलीत एकत्र ठेवू नयेत.

*चावी आणि यंत्र.* स्क्रूची चावी (केसच्या बाजूची गोल कळ) उघडताना शेवटच्या आट्यावर झटका न बसता सुटली पाहिजे. पुन्हा बसवताना आटे पकडत नसतील तर नळी झिजली आहे. ती बदलता येते, पण तोवर घड्याळ पाण्यापासून लांब ठेवा. टाइमग्राफरवर लावताना लिफ्ट अँगल (झोका मोजायला लागणारा, प्रत्येक यंत्राचा ठरलेला कोन) बरोबर निवडायला सांगा: रोलेक्सच्या ३१३५ यंत्राला ५२ अंश, ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियल यंत्रांना ३८. चुकीचा कोन ठेवला तर निरोगी यंत्रही आजारी दिसतं. पूर्ण चावी दिल्यावर आडव्या अवस्थेत २७० ते ३१० अंशांच्या आसपास झोका (बॅलन्स चाकाचं फिरणं) असावा आणि बीट एरर (टिक आणि टॉकमधला असमतोल) ०.८ मिलिसेकंदाच्या आत. झोका २२० च्या खाली गेला तर सर्व्हिसचा खर्च भावातून वजा करून बोला.

यंत्राच्या बाबतीत अतिविश्वास नको, लिलावघर कितीही मोठं असो. २०२१ मध्ये एका मोठ्या लिलावात ३० लाख स्विस फ्रँकांहून जास्त किमतीला विकलेलं एक ओमेगा स्पीडमास्टर वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जोडलेलं निघालं, आणि २०२३ मध्ये कंपनीनेच ते जाहीर केलं. ते डायव्हिंग घड्याळ नव्हतं. धडा मात्र तोच: प्रत्येक भाग खरा असू शकतो आणि घड्याळ तरीही खोटं.

कागदपत्रं

रोलेक्स जुन्या घड्याळांच्या नोंदींचा उतारा देत नाही. म्हणून तिथे मूळ बिल, सर्व्हिसची पावती, पहिल्या मालकाचं पत्र किंवा फोटो यांना वजन. कोमेक्ससारख्या घड्याळात ते कोणत्या पाणबुड्याला दिलं होतं याचा लेखी मागमूस असेल तर भावात मोठा फरक पडतो; सुरुवातीच्या काही कोमेक्स घड्याळांच्या डायलवर कंपनीचा लोगोच नाही, त्यामुळे तिथे कागद हाच आधार.

नव्या आवृत्तीत 'फुल सेट' म्हणजे नेमकं काय हे आधी कंपनीच्या जाहीर माहितीवरून पाहा: कार्ड, आतलं-बाहेरचं खोकं, पुस्तिका, जादा पट्टा आणि तो बदलायचं हत्यार. डॉक्सा किंवा सेइकोमध्ये जादा पट्टा हरवलेला नाही ना, तेही पाहा. कार्डावरची तारीख रिकामी असेल तर तसंच घेऊ नका; तारीख नसलेलं कार्ड कुठल्याही घड्याळाला जोडता येतं.

पैसा, लिलाव आणि भारतात आणणं

लिलावातला हातोड्याचा भाव म्हणजे तुमचा खर्च नव्हे. त्यावर खरेदीदाराचं कमिशन लागतं, मोठ्या लिलावघरांत ते भावाच्या साधारण पाव हिस्सा किंवा थोडं जास्त. उदाहरण घेऊ. भाव १०,००० फ्रँक, कमिशन २७ टक्के धरू, झाले १२,७००. वाहतूक आणि विमा ३००, एकूण १३,०००. भारतात मनगटी घड्याळावर मूळ सीमाशुल्क २० टक्के म्हणजे २,६००. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, २६०. मग या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, सुमारे २,८५५. हातात पडेपर्यंत १८,७०० च्या वर. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून बोली लावायच्या आठवड्यात सीमाशुल्क एजंटाकडून ताजा दर घ्या. एफ्टा देशांशी (स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देश) झालेला व्यापार करार ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे आणि स्विस घड्याळांवरचं शुल्क त्यात टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पण त्यासाठी मूळ देशाचा पुरावा लागतो, आणि लिलावातल्या जुन्या घड्याळाला तो मिळणं अवघड.

याहून महत्त्वाची गोष्ट बरेच जण विसरतात: विदेश व्यापार धोरणात वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित गटात येते, तिला परवाना लागतो. कुरिअरने मागवलेलं जुनं घड्याळ त्यामुळे सीमाशुल्काच्या गोदामात अडकू शकतं. आधी एजंटाशी बोला, मग बोली लावा. पट्टा मगरीच्या चामड्याचा असेल तर तो काढून पाठवायला सांगा. वन्यजीव व्यापाराच्या परवान्याअभावी पट्ट्यापायी अख्खं पार्सल थांबतं.

भारतात विकत घेताना १० लाखांहून महाग घड्याळावर एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर) घेतो. तो तुमच्या प्राप्तिकरात वळता होतो, म्हणून बिलावर पॅन नीट लिहून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं विक्रेत्याला कायद्याने बंद आहे. 'रोखीत दिलंत तर कमी करतो' म्हणणाऱ्याकडे पक्कं बिल मिळणार नाही, आणि बिल नसलेलं घड्याळ पुढे विकताना आणि विमा उतरवताना दोन्हीकडे अडतं.

परदेशी जाताना स्वतःचं महागडं घड्याळ मनगटावर असेल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परत येताना तेच घड्याळ तिकडे विकत घेतलं असा संशय आला तर हा एक कागद वाचवतो. दुबई किंवा सिंगापूरला ये-जा असलेल्यांनी ही सवयच लावून घ्यावी.

सर्व्हिसिंग: इथे सर्वांत जास्त नुकसान होतं

कंपनीच्या सर्व्हिस केंद्राचं काम घड्याळ नव्यासारखं करणं. संग्राहकाला ते नको असतं. फिकट बेझल, पिवळा लेप, जुने काटे हे केंद्राच्या नजरेत बदलायचे भाग, आणि तुमच्या दृष्टीने किमतीचा गाभा. म्हणून घड्याळ देताना कामाच्या पावतीवर लिहून घ्या: 'डायल, काटे, बेझल बदलू नये. केस पॉलिश करू नये. बदललेला प्रत्येक भाग परत द्यावा.' तोंडी सांगणं पुरत नाही. केंद्राने अट मान्य केली नाही तर घड्याळ परत घ्या आणि जुन्या यंत्रांचं काम करणारा स्वतंत्र कारागीर गाठा.

गास्केट मात्र बिनधास्त बदला. रबराचे हे वेढे कडक होतात, चपटे पडतात, आणि तिथूनच ओलावा शिरतो. त्यांना संग्राह्य किंमत नाही. केस उघडली की झाकणाचं आणि चावीचं गास्केट नवं, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, आणि दाबाची कोरडी चाचणी. या चाचणीत यंत्र हवेचा दाब देऊन केस किती मायक्रॉन दबते ते मोजतं. आकार टिकला नाही तर गळती आहे. गळती असलेलं घड्याळ पाण्याच्या चाचणीत घालायचं नाही.

आयएसओ ६४२५ नुसार डायव्हिंग घड्याळ छापील खोलीच्या १२५ टक्के दाबावर तपासतात. ३०० मीटरच्या घड्याळाला ३७.५ बार. हा आकडा कारखान्यातून निघालेल्या नव्या घड्याळाचा. पन्नास वर्षं जुन्या केसवर '२०० मी' लिहिलेलं असलं तरी ते घालून हातही धुऊ नयेत. तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला डायव्हिंगला जाताना नवं, नुकतं तपासलेलं घड्याळ न्यावं, आणि वर आल्यावर गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून बेझल फिरवत धुवावं. मीठ वाळलं की बेझलखाली दगडासारखं बसतं.

नव्या घड्याळात ओलावा आहे का हे घरी पाहता येतं. घड्याळ ४० ते ४५ अंश तापमानाच्या पृष्ठभागावर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, काचेवर साध्या तापमानाचा पाण्याचा थेंब मिनिटभर टाका, पुसा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत पाणी आहे. त्याच दिवशी कारागिराकडे न्या. आतल्या पोलादी भागांवर गंज चढायला आठवडाही लागत नाही. ब्लाँपँच्या मिल-स्पेकमध्ये सहाजवळ ओलाव्याची टिकली असते, आत पाणी शिरलं की तिचा रंग बदलतो. तो बदललेला असेल तर घड्याळ विकत घेण्याआधी उघडून दाखवायला सांगा.

मुंबई-कोकणच्या हवेत सांभाळ

पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा महिनोन्‌महिने ओली असते. तिचा त्रास घड्याळाइतकाच खोके, पुस्तिका आणि पट्ट्यांना होतो: कागदाला बुरशी, चामड्याला पांढरी पूड, पॉलियुरेथेनच्या पट्ट्याला चिकटपणा. कॅमेऱ्यांसाठी मिळणारं विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर ठेवा. त्याहून कोरडं करू नका. चामडं आणि जुनी गास्केटं तडकतात. कॅबिनेट नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक. दाणे रंग बदलले की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात.

मूळ रबरी पट्टा घड्याळावर ठेवू नका. तो काढून सरळ, टॅल्कशिवाय, कागदात गुंडाळून ठेवा आणि रोज वापरायला दुसरा लावा. कांस्याच्या केसवर घामाने हिरवट थर आला तर साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा. लिंबू-चिंचेने चमकावलं तर जमलेला मूळ रंग कायमचा गेला. डब्याजवळ स्पीकर, चुंबकाचं झाकण असलेली मोबाइलची कव्हरं ठेवू नका. ऑटोमॅटिक घड्याळ सतत फिरवणाऱ्या यंत्राची गरज नाही. महिन्यातून एकदा हाताने चावी देऊन दिवसभर चालवलं की पुरे.

नोंद आणि विमा

प्रत्येक घड्याळाचं एक पाकीट: बिलाची प्रत, शुल्क भरल्याची पावती, अनुक्रमांक, सर्व्हिसच्या पावत्या, परत मिळालेले जुने भाग छोट्या पिशवीत, आणि खरेदीच्या दिवशी काढलेले बारा-पंधरा फोटो. त्यांत डायलवरची एखादी ओळखू येणारी खूण, पाचच्या ठिपक्यावरची चीर किंवा लगावरचा एक ओरखडा, जवळून टिपलेली असावी. चोरी झाली तर अनुक्रमांक खोडला तरी त्या खुणेवरून घड्याळ ओळखता येतं. हे फोटो सर्व्हिसला देताना कारागिरासमोर ठेवा आणि परत घेताना तेच समोर ठेवून भिंगाने जुळवा.

घराच्या साध्या विम्यात घड्याळांना बहुधा छोटीच मर्यादा असते. मौल्यवान वस्तूंची स्वतंत्र यादी जोडायला सांगा आणि पॉलिसीत 'ठरलेली किंमत' आहे की 'बाजारभाव' हे वाचून घ्या. दुर्मीळ घड्याळाला ठरलेली किंमतच हवी, कारण दाव्याच्या वेळी तसं दुसरं घड्याळ बाजारात नसतं आणि विमा कंपनी सगळ्यात जवळच्या साध्या मॉडेलचा भाव लावते. मूल्यांकन दर दोन-तीन वर्षांनी नवं करून घ्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर घड्याळाबरोबर सिलिका जेल ठेवा, दर तीन महिन्यांनी बदला, आणि खोके-कागद त्याच लॉकरमध्ये न ठेवता वेगळ्या जागी ठेवा.